पाच फणांचं यंत्र आणि सात एकर काळं रान

शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. सात एकर भारी काळं रान, सातबारा ताईंच्या नावावर. तीन एकर ऊस, दोन एकर सोयाबीन आणि मागून हरभरा. राहिलेले दोन एकर ओढ्याकडेला सखल आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथं पाणी उभं राहिलं होतं, आजही तिथं ट्रॅक्टर रुततो. घरात ४५ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, त्याचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. धाकटे दीर तो चालवतात. दर वेळी पलटी नांगर, दोनदा फणपाळी आणि वर रोटर, असं चार वेळा रान तुडवावं लागतं. कोल्हापूरच्या एका कृषी प्रदर्शनात दिरांनी एका फेरीत मशागत करणारं यंत्र पाहिलं: पुढं पाच जाड फण, मधे तव्यांच्या दोन ओळी, मागं रोलर. "याला साठ एचपी लागेल," असं विक्रेत्याने सांगितलं. जुना ट्रॅक्टर देऊन साठचा घ्यावा, शेजाऱ्यांची कामं करून हप्ता भागवावा, असं दिरांचं म्हणणं. सासरे काहीच बोलत नाहीत. ताई विचारतात: यंत्र घ्यावं का, आणि घेतलं तर ट्रॅक्टर किती ताकदीचा? शेवटी एक ओळ आहे: "नाही म्हटलं तर माझा दिरांवर विश्वास नाही असं होईल."

ताई, विक्रेत्याने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. पाच फण दहा इंच खोल घालायचे तर भारी जमिनीत साठ एचपी लागतोच. तो कसा लागतो ते आधी मांडतो. हा हिशेब एकदा हाती आला की पुढच्या कुठल्याही अवजाराला तुम्ही तो स्वतः लावू शकाल.

अवजाराची ओढ किलोमध्ये धरायची, तिला ताशी वेगाने गुणायचं आणि २७० ने भागायचं. येतो तो प्रत्यक्ष ओढायला लागणारा एचपी. भारी रानात चिझल पद्धतीचा एक फण दहा इंचावर ढोबळ मानाने ३०० किलो ओढ घेतो. पाच फणांचे १५०० झाले. तवे आणि रोलरचे ४०० धरू. एकूण १९००. ताशी पाच किलोमीटरने चाललात तर १९०० गुणिले ५, भागिले २७०, म्हणजे ३५ एचपी. पण इंजिनाची सगळी ताकद ओढीला मिळत नाही. गिअर, टायर, मऊ रान यांत ती झिरपते आणि निम्म्याहून थोडी जास्तच हाती लागते. म्हणून ३५ साठी इंजिन साठ-पासष्टचं हवं. तीनच फण लावले तर हाच हिशेब ११५० किलोवर येतो आणि इंजिन चाळीसच्या आसपास पुरतं. हे आकडे जमिनीप्रमाणे आणि ओलीप्रमाणे बरेच हलतात. तुमच्या रानाचा आकडा तुमच्याच रानात कळेल.

एचपीच्या या बोलण्यात वजन मात्र विसरलं जातं, आणि काळ्या रानात ट्रॅक्टर आधी वजनाला कमी पडतो. इंजिन दमण्याआधी चाक घसरायला लागतं. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मोकळ्या रानात स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढतो. तुमचा ट्रॅक्टर दोन टनांचा असेल तर हजारेक किलो ही त्याची खरी मर्यादा. गिअर खाली घेतला की एचपीची गरज कमी होते, पण ओढ तेवढीच राहते, त्यामुळे घसरणं थांबत नाही. म्हणजे तीन फणसुद्धा दहा इंचावर तुमच्या ट्रॅक्टरला काठावर जातात. आठ इंचावर तेच तीन फण, तवे आणि रोलर धरून हजाराच्या आत बसतात. दीर साठचा टू-व्हील घेणार असतील तर त्यांना त्याचं वजन नक्की विचारा. पन्नासचा फोर-व्हील ड्राइव्ह काळ्या रानात पुष्कळदा साठच्या टू-व्हीलइतकंच काम देतो. आणखी एक, १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. त्यामुळे पन्नासची रेघ ओलांडली की इंजिनाची रचना बदलते, किंमत चांगलीच वर जाते आणि दुरुस्तीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जास्त अवलंबून राहावं लागतं.

इथवर विक्रेत्याचं बरोबर. पण पाच फण, दहा इंच, दर वेळी, हे ठरवलं कुणी? पत्रात तुम्ही ते गृहीत धरलं आहे. मला थांबायचं आहे ते इथं.

तुमचंच रान घेऊ. सखल दोन एकर बाजूला ठेवा, त्यांचं शेवटी बोलतो. राहिले पाच. तीन एकर उसात लावण आणि तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर फुटलेला एक खोडवा घेता, म्हणजे दर वर्षी सरासरी दीड एकर मोकळं होतं. सोयाबीनचे दोन एकर वर्षातून दोनदा मशागतीला येतात: पेरणीआधी उन्हाळ्यात आणि काढणीनंतर हरभऱ्यासाठी. तीन फणांचं यंत्र तासाला एकराच्या आसपास करतं. म्हणजे तुमच्या घरचं वर्षाचं काम पाच-सहा तासांचं. त्यासाठी रुंद यंत्र आणि मोठा ट्रॅक्टर घ्यायचा तर तो घरच्या गरजेवर उभा राहत नाही, भाड्याच्या कामावरच उभा राहतो. मग तो धंदा आहे असं समजून वेगळा तपासायला हवा.

त्या पाच-सहा तासांत घाई कुठं असते तेही बघा. उन्हाळी नांगरटीला घाई नसते. मार्च-एप्रिलमध्ये पलटी मारलेलं रान तापतं, भेगाळतं. मग वळवाचे दोन चांगले पाऊस आले की मोठाली ढेकळं आपोआप फुटतात. काळ्या मातीचा हा गुणच आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि या फुगण्या-आकसण्यात स्वतःच भुसभुशीत होते. आपली वाडवडिलांची नांगरट-कुळवणी याच गुणावर बेतलेली होती. जे काम वळीव फुकट करतो त्यासाठी तवे, रोलर आणि डिझेल कशाला? आडसालीची लावण जुलैत करायची असेल तर एप्रिलच्या नांगरटीवर मेअखेरीस एक हलकी पाळी बस होते.

खरी घाई ऑक्टोबरात. सोयाबीन निघालं, परतीचा पाऊस होऊन गेला, रान वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलीवर आलं की हाती थोडेच दिवस असतात. त्यात हरभरा पेरला नाही तर ओल उडते. तिथं एका फेरीत काम होणं सोन्यासारखं. मात्र हरभऱ्याला दहा इंच खोल मशागत लागत नाही. चार-पाच इंच पुरे. उलट जास्त खोल उकरलं तर खालची ओल वर येऊन उडून जाते, आणि कोरडवाहू हरभऱ्याचं पीक त्याच ओलीवर असतं.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत. एक खोल, दोन-तीन वर्षांतून एकदा करायचं, वेळ भरपूर असलेलं. दुसरं उथळ, दर वर्षीचं, घाईचं. प्रदर्शनातलं यंत्र ही दोन्ही एकत्र बांधतं आणि उथळ कामालाही खोल कामाची ताकद मागतं. दोन्ही वेगळी केलीत तर उथळ कामाला तुमचा ४५ चा ट्रॅक्टर पुरतो आणि खोल काम भाड्याने उरकतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उथळ कामाला घरची नऊ फणी, म्हणजे फणपाळीचं नऊ फणांचं अवजार, आहेच. तिच्या मागं जोडायचा रोलर मिळतो. चांगला फॅब्रिकेटर फणीच्या चौकटीला बसेल असा तो करूनही देतो. पाच इंचावर नऊ फण आणि रोलर मिळून ओढ आठशे किलोच्या आसपास जाते, म्हणजे ट्रॅक्टरच्या आवाक्यात. माझ्या अंदाजाने दुसरी फणपाळी आणि रोटर यातच वाचतील. रोलर निवडताना मात्र काळजी घ्या. सळ्यांचा बंद पिंजरा ओल्या काळ्या मातीने भरतो आणि नुसता गोळा होऊन फिरतो. मोकळ्या कड्यांचा, मधे माती खरवडणाऱ्या पट्ट्या असलेला रोलर आपल्या रानाला बरा. तो चौकटीला वर-खाली लावता आला पाहिजे, कारण किती खोल जायचं हेही त्यानेच ठरतं.

खोल कामाचा निर्णय घेण्याआधी एक खड्डा काढा. रानाच्या मधोमध, ताज्या चाकोरीपासून लांब, दोन फूट खोल. भिंत कुदळीने साफ करा आणि वरून खाली चाकूचं टोक टोचत या. एका ठिकाणी चाकू अडेल. वर्षानुवर्षं रोटर एकाच खोलीवर फिरला की त्याच्या पात्यांखाली माती घोटून घट्ट होते. पलटी नांगर दर वेळी त्याच खोलीवर चालला तरी तेच होतं. ओल्या रानातून उसाची भरलेली ट्रॉली निघाली की खालचा थर आणखी दबतो. उसाची किंवा सोयाबीनची मुळं बघा. सरळ खाली जाता जाता ती आडवी वळली असतील तर थर तिथंच. तो सात इंचावर सुरू होऊन नवावर संपत असेल तर फणाचं टोक दहा-अकरा इंचावर गेलं पाहिजे. थर सापडलाच नाही तर खोल फोडणीची गरजच नाही. मग ते पैसे शेणखताला आणि ताग-धैंचाला घाला.

थर सापडला तर चिझल नांगर किंवा सबसॉयलर भाड्याने आणा. कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळच्या अवजार बँकेत चौकशी करा. खाली रान कोरडं असताना, एप्रिल-मेमध्ये फोडा. तेव्हा थर तडकतो. खालच्या ओलीत तोच फण नुसती चीर पाडून जातो आणि चिरेच्या बाजू सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरही भाड्यानेच घ्या, तुमच्या ट्रॅक्टरला अकरा इंचाचा ताण देऊ नका.

आता एवढं ऐकूनही एका फेरीचं यंत्र हवंच, असं घरात ठरलं तर तीन फणांचं घ्या. फणांमधलं अंतर खोलीच्या साधारण दीडपट ठेवा. आठ इंचाला बारा इंच. फणाला पंख असतील तर दुप्पट चालतं. अंतर जास्त झालं की वरून रान एकसारखं दिसतं, पण खाली दोन फणांमधे न फुटलेली कड तशीच राहते. फण दोन ओळींत पुढं-मागं असावेत आणि चौकट जमिनीपासून दोन फुटांहून वर असावी, नाहीतर पाचट अडकून दर दहा पावलांवर उतरावं लागेल. आपल्या मळ्यांत दगड कमी, म्हणून फणाला स्प्रिंगपेक्षा तुटणारा बोल्ट बरा. कठीण रानात स्प्रिंग मागं वाकते आणि फण वर येतो. गडहिंग्लज-चंदगडकडच्या मुरमाड रानाला स्प्रिंग हवी, ती गोष्ट निराळी. तव्यांची कड खाचांची घ्या. तीन फणांच्या यंत्राची एक अडचणही सांगून ठेवतो. ते मागच्या चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा अरुंद पडतं, त्यामुळे पुढच्या फेरीला एक चाक मोकळ्या केलेल्या मातीवरून जातं. चाकं आत घेऊन रुंदी कमी करता येते, पूर्ण जात नाही.

खोडवा मोडताना मात्र हे यंत्र आधी घालू नका. बुडखे उपटून फणांत अडकतात, तव्यांवरून उड्या मारत जातात. बुडखे आधी पलटीने किंवा रोटरनेच मोडावे लागतात. म्हणजे उसाच्या रानात 'एक फेरी' मुळात दोन फेऱ्यांची आहे. हे प्रदर्शनात कळत नाही, कारण तिथलं रान आधीच तयार केलेलं असतं.

आता दिरांचं. विश्वासाचा प्रश्न तुम्ही उगाच अंगावर घेतला आहे, ताई. दिवसभर ट्रॅक्टरवर बसून चार-चार फेऱ्या मारणारा माणूस सोपा मार्ग शोधतो, यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना नाही म्हणू नका, मोजायला सांगा. विक्रेत्याला म्हणावं, प्रात्यक्षिक आमच्या रानात द्या, सोयाबीनच्या काढणीनंतर, वाफसा आल्यावर, आणि आम्ही दाखवू त्या पट्ट्यात. वाफसा वरून ठरवू नका. आठ इंचावरची माती घेऊन तळहातांवर वळी करा. शिसपेन्सिलीपेक्षा बारीक वळी न तुटता होत असेल तर रान ओलं आहे, दोन दिवस थांबा. त्या जाडीला येता येता वळी तुटत असेल तर रान घातीला आलं.

मग दिरांनी मागच्या टायरवर खडूने खूण करावी. यंत्र वर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे चालवायचे, अंतर मोजायचं. यंत्र जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. समजा पहिल्यांदा चाळीस मीटर आलं आणि दुसऱ्यांदा चौतीस, तर घसरण पंधरा टक्के. तिथवर ठीक. वीसच्या वर गेली की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात. घसरण जास्त आली तर आधी टायरची हवा बघा. उसाच्या ट्रॉलीसाठी भरलेली हवा तशीच ठेवून रानात उतरणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे शेतातल्या कामाला ती कमी करता येते. मागच्या टायरांत पाणी भरलं तर प्रत्येकी दीडशे-दोनशे किलो वजन वाढतं. ते खोल कामापुरतं ठेवावं, पेरणीला काढावं. वळताना यंत्र उचललं की पुढची चाकं हलकी होतात का, स्टिअरिंग ऐकतं का, तेही बघावं. रोलर मागं लांब असल्यामुळे लिफ्टची क्षमता कागदावर पुरेशी असली तरी तोंड वर होऊ शकतं. पुढं वजनं लावायची तयारी ठेवा. डिझेलचं माप सोपं आहे: टाकी काठोकाठ भरा, अर्धा एकर करा, परत काठोकाठ भरा. हेच माप त्याच दिवशी शेजारच्या अर्ध्या एकरात तुमच्या नेहमीच्या पद्धतीने आणि तिसऱ्या तुकड्यात नऊ फणी-रोलरने घ्या. शेवटी फेरीच्या आडवा एक चर खणून खालची माती बघा. हे सगळं दिरांच्या हातून, वहीत, सासऱ्यांच्या समोर होऊ द्या. मग निर्णय कुणा एकाचा राहणार नाही.

शेजाऱ्यांच्या कामाचं गणित वेगळं करा. घाई सगळ्यांना एकाच आठवड्यात असते, तुमच्या रानालाही. त्या आठवड्यात दीर दुसऱ्याच्या रानात असतील आणि तुमचा हरभरा मागं पडेल. भाड्याचे पैसे बहुतेक उसाचं बिल आल्यावर मिळतात, हप्ता मात्र तारखेला जातो. म्हणून आज ज्यांनी नक्की काम देतो म्हटलं त्यांची नावं आणि एकर लिहून काढा, बेरीज निम्मी करा आणि तेवढ्यात हप्ता बसतो का बघा. सातबारा तुमच्या नावावर आहे, म्हणजे कर्जाचा कागदही तुमच्याच नावाचा होणार. हे घरात मोकळेपणाने बोला, दबक्या आवाजात नको.

रोलर घ्या की यंत्र, ते अनुदानात बसत असेल तर अर्ज महाडीबीटी पोर्टलवर तुमच्या नावाने करा. कृषी यांत्रिकीकरणात महिला आणि अल्पभूधारकांना ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, अवजारानुसार ठरलेल्या मर्यादेत. पूर्वसंमतीचं पत्र हाती येण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर अनुदान जातं. विक्रेता "आधी घ्या, कागद मागाहून करू" म्हणेल, तेव्हा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारूनच पुढं जा. त्या अवजाराचा अधिकृत चाचणी अहवालही मागा. किती एचपीवर आणि कशा मातीत चाचणी झाली ते त्यात असतं.

राहिले ओढ्याकडेचे दोन एकर. तिथं यंत्र नेऊच नका आणि त्यांच्यासाठी ट्रॅक्टरची ताकदही वाढवू नका. तिथली अडचण मशागतीची नाही, निचऱ्याची आहे. पाणी उभं राहणाऱ्या रानात खोल फण घातला तर त्या चिरांत पाणीच साठतं. उन्हाळ्यात तिथली माती फूटभर खोलीवरून काढून सामू, क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम तपासून घ्या. ओढ्याच्या तळाची पातळी रानापेक्षा किती खाली आहे तेही पाहून ठेवा, कारण चर काढले किंवा सच्छिद्र पाइप घातले तरी पाणी शेवटी तिथंच सोडायचं आहे. तुमच्या तालुक्यात क्षारपड रानांत असे पाइप घालून ऊस पुन्हा उभा केलेले शेतकरी आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांच्या रानात दिरांना घेऊन जा आणि एकरी किती खर्च आला ते विचारा. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी जे पैसे बाजूला काढणार होतात, त्यांतून आधी हे होतं का ते बघा.